पाळीव प्राण्याला घरच्या घरी दयामरणाने निरोप देताना

• डॉक्टर आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. प्राणी गाढ झोपला की शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. शुद्ध आधीच हरपलेली असते. मग श्वास आणि हृदय थांबतं.
• डोळे बहुधा उघडेच राहतात. नंतर एखादा उसासा, स्नायूंची थरथर किंवा लघवी होऊ शकते. ती वेदना नव्हे. अंगाखाली प्लास्टिक आणि त्यावर त्याची नेहमीची चादर घाला.
• डॉक्टर येईपर्यंत दुखणं कमी व्हावं म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका; मांजरासाठी ती विषच.
• घरातल्या दुसऱ्या प्राण्याला मृतदेह हुंगू द्या.
• अंत्यसंस्काराची चौकशी आधीच करून ठेवा. मुंबईत मालाडला महापालिकेची पाळीव प्राण्यांसाठी दहनभट्टी आहे.