पेटीवर मावणारी मैफल

ज्याच्याकडे पेटी नाही असे भजनी मंडळ नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत शोधूनही सापडणे कठीण. नांदेडच्या गुरुद्वारात कीर्तनाला साथ असते ती पेटीची. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद या परीक्षांतही संवादिनी हा रीतसर विषय आहे. वाद्य आहे, हौस आहे, परीक्षाही आहेत. परंतु एखाद्या विद्यार्थ्याने ‘सौभद्र’ किंवा ‘मानापमान’ यांतील एखादे पद गायकावाचून, केवळ पेटीवर, आरंभापासून अखेरपर्यंत कसे वाजवावे हे दाखविणारी लिखित प्रत मागितली, तर ती त्याच्या हाती सहजासहजी पडत नाही. पदाची चाल मिळते. वादनाची संहिता मिळत नाही.

हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण एकोणिसाव्या शतकातील युरोपाने तो मोठ्या गांभीर्याने हाताळला होता. ध्वनिमुद्रिका निघण्यापूर्वी आडगावच्या रसिकाला बेथोवनची रचना ऐकावयाची तर वाद्यवृंद आणावयाचा कोठून? तंतुवाद्यांच्या चौकडीलाही चार तयार वादक लागत. घरात मात्र पियानो असे. म्हणून अशा रचना एकट्या पियानोवर वाजविता येतील अशा रीतीने पुन्हा लिहिल्या गेल्या व मोठ्या प्रमाणावर छापल्या गेल्या. फ्रान्झ लिस्टने बेथोवनच्या नऊही सिंफनींना असे पियानोरूप दिले आणि सात वाद्यांसाठी लिहिलेल्या त्याच्या ‘सेप्टेट’लाही. हे काम हलक्या दर्जाचे मानले गेले नाही. शूबर्टची गीते पियानोवर आणताना त्यांचे शब्दही स्वरलिपीसोबत छापले जावेत, असा लिस्टचा आग्रह होता. कारण वाजविणाऱ्याला शब्द ठाऊक नसतील तर त्याने श्वास कोठे घ्यावा हे त्याला कळणार नाही. नाट्यपदे वाजविणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या व्यवहाराला अर्थशास्त्राचीही एक बाजू आहे. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. कारखान्यात कामगारामागे उत्पादन वाढत जाते. चौघांनी वाजवावयाची रचना मात्र दोनशे वर्षांनंतरही चौघांनीच आणि तितक्याच वेळात वाजवावी लागते. वेतने मात्र सगळीकडे वाढतात, म्हणून मैफल सापेक्षतेने महाग होत जाते. पुण्यामुंबईहून गायक, साथीदार व त्यांचा प्रवास यांचा खर्च करून नांदेडात संगीत नाटकाचा प्रयोग लावणाऱ्या मंडळाला हा सिद्धांत पुस्तकातून शिकावा लागत नाही. त्यावर एकल वादन हा पूर्ण उतारा नव्हे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ज्या गावी प्रयोग येत नाही त्या गावी निदान रचना तरी पोहोचते.

पेटीची पायरी पियानोपेक्षा खालची, असे समजण्याचेही कारण नाही. पियानोचा स्वर उमटताच विरू लागतो. पेटीचा स्वर भात्यात हवा असेतो टिकतो. व्हिएन्नात १९१८ साली शोनबर्गने खाजगी वादनासाठी मंडळ काढले, तेव्हा मोठ्या रचना आटोपशीर करताना वाद्यवृंदातील फुंकवाद्यांच्या जागी त्याने हार्मोनियमच घेतली. आपल्याकडील अडचण निराळी आहे. हातपेटीत एक हात भात्यावर अडकतो आणि वाजवावयास एकच उरतो. पायपेटीवर वा ऑर्गनवर दोन्ही हात मोकळे असतात. आज अनेक घरांत असलेल्या विजेच्या कीबोर्डवरही ते असतात, पण दुसऱ्या हाताने काय करावे हे सांगणारे कोणी नाही.

परंपरा नव्हती असे मात्र नाही. गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांनी पेटीला स्वतंत्र वाद्याचा मान मिळवून दिला. पी. मधुकर यांनी ध्वनिमुद्रिकांतून एकल पेटी ऐकविली आणि त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांनी ती वाट पुढे नेली. पु. ल. देशपांडे यांची पेटी तर महाराष्ट्राच्या कानात आहे. मराठवाड्याने अप्पा जळगावकर दिले. पण त्यांचे नाव प्रामुख्याने साथीदार म्हणून घेतले जाते. त्यामागे एक कारण असे की, १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने पेटीला दारे बंद केली होती. १९७१ च्या सुमारास बंदी शिथिल झाली तीही साथीपुरती. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत ज्या प्रदेशाला अभिजात संगीत मुख्यत्वे रेडिओवरच ऐकावयास मिळत होते, त्याच्या कानावर एकल पेटी पडणार कशी?

आता प्रत लिहावयाची म्हणजे नेमके काय लिहावयाचे? भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांनी बंदिशींचे सांगाडे जतन केले, हे त्यांचे ऋण थोर आहे. पण ते सांगाडे गायकासाठी आहेत. गायक ओळ म्हणून थांबतो तेव्हा पेटी ती जागा भरते. एकल वादकाला गाणे आणि भरणे दोन्ही करावे लागते. पेटीवर मींड निघत नाही, तेथे कोणता कणस्वर घेतल्यास तिचा भास होईल हे ठरवावे लागते. आणि सर्वांत बिकट गोष्ट म्हणजे, शब्द गळून पडतात. ध्रुपदाची ओळ गायक चारदा म्हणतो तेव्हा शब्दांच्या आघातामुळे ती दर वेळी निराळी होते. पेटीवर तीच चारदा वाजविली तर ऐकणारा चुळबुळू लागतो. ही सर्व कामे कसलेला वादक नकळत करतो. नवशिक्यासाठी ती कोणीतरी कागदावर उतरविली पाहिजेत.

संगीत कागदावर उतरत नाही, ते गुरुमुखातूनच घ्यावे, असा आक्षेप येईल. ख्यालाबाबत तो बऱ्याच अंशी खरा आहे. नाट्यपदाची चौकट मात्र बांधीव असते. शिवाय, जिथे गुरू गावात आहे तिथेच या आक्षेपाला अर्थ आहे. किनवट वा अहमदपूरच्या मुलाला तो ऐकविणे म्हणजे त्याने हा नाद सोडावा असे सांगण्यासारखे आहे.

कायद्याची आडकाठीही आता उरलेली नाही. आपल्याकडे लेखनाचा व संगीतरचनेचा स्वामित्वहक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. किर्लोस्कर १८८५ साली गेले, भास्करबुवा बखले १९२२ साली, खाडिलकर १९४८ साली. टेंब्यांच्या चालीही २०१६ च्या आरंभापासून मुक्त झाल्या. युरोपीय संगीताच्या अशाच मुक्त झालेल्या प्रती २००६ पासून एका विनामूल्य संग्रहात जमा होत आहेत, त्यामुळे लातूरचा विद्यार्थी लिस्टची प्रत आज घरबसल्या छापून घेऊ शकतो. ‘मानापमान’च्या पदाबाबत त्याला तसे करता येत नाही, ही विसंगती चमत्कारिक म्हणावी लागेल.

प्रकाशक हे काम करणार नाही, कारण प्रत एकदा निघाली की तिची नक्कल फुकट होते. अशी कामे सार्वजनिक संस्थांच्याच वाट्याची असतात. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि लातूर, परभणी, हिंगोली त्याच्याच कक्षेत येतात. पन्नास पदे निवडावीत. प्रत्येकाच्या दोन प्रती कराव्यात, एक हातपेटीसाठी, एक दोन्ही हातांसाठी. आणि त्या कोणालाही उतरवून घेता येतील अशा खुल्या ठेवाव्यात. मानधन, लेखनिक आणि तपासनीस यांपलीकडे मोठा खर्च नाही. घाई मात्र आहे. जळगावकर २००९ साली गेले, बोरकर २०१८ साली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांच्या बोटांत जे आहे ते ध्वनिमुद्रित असेलही, पण कोणत्या जागी कोणते बोट व का, हे त्यांनाच विचारून लिहून घ्यावयाचे आहे.