धुळीवर फडका मारू नका, राजेहो

कामठीत माझ्या दारात २००२ सालची फियाट पॅलिओ उभी असते. गडद निळा मेटॅलिक रंग, १.६ लिटरचं इंजिन, शंभरेक अश्वशक्ती, आणि काट्यावर एक लाख नव्वद हजार किलोमीटर. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर जाणकार माझ्याशी भांडतात. दोन आसनांची खरीखुरी देशी स्पोर्ट्स कार हवी असणाऱ्यांसाठी त्या काळात गोव्यात बनणारी, फायबरग्लासच्या अंगाची सॅन स्टॉर्म होती. आमच्यासारख्यांनी सचिन तेंडुलकर जाहिरात करायचा त्या पॅलिओवर हौस भागवली. मुद्दा तो नाही. मुद्दा हा, की या गाडीपाशी जो कोणी थांबतो तो मला एकच सल्ला देतो.

"भाऊ, धूळ काऊन बसू देता? रोज सकाळी एक फडका मारत जा ना. नव्यावानी राहील."

दूधवाला सांगतो, मेहुणा सांगतो, समोरचे निवृत्त सुभेदार तर खांद्यावरचा पंचा काढून स्वतःच बॉनेट पुसायला लागतात. मी धावत जाऊन त्यांचा हात धरतो आणि त्यांना वाटतं, हा माणूस आळशी तर आहेच, वर उद्धटही आहे. म्हणून हे एकदा लिहूनच टाकतो.

गैरसमज : रोज कोरडा फडका मारला की रंग टिकतो.

रोज कोरडा फडका मारला की रंग जातो. सावकाश जातो, म्हणून कळत नाही.

गाडीचा रंग म्हणजे एक थर नव्हे. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं, आणि त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस सरासरी ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या चमकेचं आपण कौतुक करतो, ती केसाहूनही पातळ थरात राहते. हा थर प्लास्टिकच्या जातीचा आहे. त्याला नखानं काही होत नसेल, पण वाळूच्या कणानं होतं.

आता आपल्या गावची धूळ कशाची आहे ते बघा. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात आपल्या गावाच्या नावाचा खडक आहे: 'कामठी फॉर्मेशन', म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म. वालुकाश्म म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झचे कण. अर्ध्या नागपूरची घरं ज्या कन्हान नदीच्या रेतीत बांधली, तीही तशीच. खनिजांच्या काठिण्याच्या मोहस् मापावर क्वार्ट्झ सातव्या पायरीवर आहे आणि खिडकीची साधी काच साडेपाचच्या आसपास. जो कण काचेवर ओरखडा काढतो, तो क्लिअर कोटला सोडेल का?

वर कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख आहेच. एकट्या कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत आणि आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जातं. ही राख मऊ पावडर असते असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं भारतीय मानक आयएस ३८१२ काढून बघावं. सिमेंटमध्ये मिसळायच्या सिलिकायुक्त राखेत सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि लोहाचा ऑक्साइड मिळून किमान ७० टक्के असलेच पाहिजेत, असं त्यात म्हटलंय. हा सगळा दगड-काचेचाच मसाला आहे.

मानक राहू द्या, आज्जीला आठवा. पितळी भांडी ती कशानं घासायची? चुलीतल्या राखेनं. का? कारण राख घासते. जी गोष्ट तिला कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय माहीत होती, ती आपण दारातल्या गाडीपाशी आलो की विसरतो. धुळीवर कोरडा फडका फिरवणं म्हणजे राखेनं गाडी घासणं. पितळ घासून उजळतं. क्लिअर कोट घासून मरतो.

पुरावा हवा तर सकाळी दहाच्या उन्हात रोज पुसली जाणारी कुठलीही गडद रंगाची गाडी बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वर्तुळं दिसतील. चरे खरं तर सगळ्या दिशांनी असतात. त्यातले प्रकाशाला आडवे येणारे तेवढे चमकतात, म्हणून जाळं गोल दिसतं. घासलेल्या स्टीलच्या ताटावर दिव्याभोवती दिसतं ना, तेच हे.

सुभेदारसाहेबांचा युक्तिवाद मात्र बिनतोड होता: "पलटणीत आम्ही रोज गाड्या पुसायचो, काही झालं नाही." साहेब, त्या हिरव्या गाड्यांचा रंग मुद्दामच बिनचमकीचा असतो. जिथे चमकच नाही तिथे चरा दिसणार कुठे?

"पण माझा फडका मायक्रोफायबरचा आहे." असू द्या. ओरखडा फडका काढत नाही, फडक्याखालचा कण काढतो. "मी थोडं पाणी शिंपडतो." थोड्या पाण्यानं धूळ वाहत नाही, तिचा लगदा होतो.

मग करायचं काय? आठवडाभर काहीच नाही! कोरडी धूळ नुसती बसून रंगाला खात नाही. रविवारी उन्हं चढायच्या आत, गाडी सावलीत थंड असताना, आधी भरपूर पाणी वरून खाली सोडायचं, म्हणजे बरीचशी रेती हात न लावता निघून जाते. मग दोन बादल्या: एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. कापड प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळूनच पुन्हा शॅम्पूत बुडवायचं. टपापासून सुरुवात, दाराचा खालचा भाग शेवटी. टॉवेलनं टिपायचं, रगडायचं नाही. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक यांना मात्र रविवारपर्यंत थांबवू नका. त्या डागावर ओलं कापड ठेवून, मऊ झाल्यावर उचलून घ्या.

गैरसमज : चरे पडले तर पॉलिश मारायचं, भरून निघतात.

हा पहिल्याचाच सख्खा भाऊ. कंपाउंडनं चरा भरत नाही. चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत खरवडून सपाट केला जातो. खड्डा बुजवायला रस्ता खाली आणण्यातला हा प्रकार आहे. प्रत्येक वेळी थर कमी होतो, आणि उन्हापासून वाचवणारी द्रव्यंही त्याच थरात असतात. ज्या नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला, तिथे हा पातळ झालेला थर किती टिकणार?

मी हे उपदेश म्हणून सांगत नाही, कबुली म्हणून सांगतो. सुरुवातीची आठ वर्षं मी रोज फडका मारला आणि दर दिवाळीला स्वतःच्या हातानं कंपाउंड केलं. पुढे एका मित्रानं रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं. दाराच्या आतल्या चौकटीवर, जिथे माझा हात कधी पोहोचला नाही, ११८ मायक्रॉन. बॉनेटवर ८३. टपावर पांढुरके चट्टे आले आहेत. तिथे क्लिअर कोट उरलेलाच नाही. हे एकट्या उन्हानं केलेलं नाही. जुन्या गाडीचा मूळ रंग ही आजोबांच्या ठेवीसारखी गोष्ट आहे. त्यातून काढता येतं, भर घालता येत नाही.

आता फुटकळ गैरसमज, झटपट.

सिरॅमिक कोटिंग केलं की चरा पडत नाही. '९एच' हा शिक्का पेन्सिलच्या कसोटीचा आहे. आयएसओ १५१८४ बघा. सगळ्यात कडक पेन्सिलीनं ओरखडा निघाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. कन्हानची रेती पेन्सिल नाही.

टूथपेस्टनं पिवळे हेडलाइट नवे होतात. पिवळा थर घासला जातो हे खरं. पण उन्हापासून वाचवणारं आवरण पुन्हा दिलं नाही तर हेडलाइट लवकरच पुन्हा पिवळे.

भांड्याचा साबण रंग खातो. रंग नाही, वॅक्स नेतो. वॅक्सच लावत नसाल तर भांडण कशाचं?

खालून डिझेल मारलं की गंज लागत नाही. डिझेलनं रबरी बुश फुगतात, आणि त्या तेलकट अंगाला पहिल्याच फेरीत रस्त्यावरची माती चिकटते.

इंजिनवरचा मळ काढला की तेल गळायला लागतं. गळत आधीपासूनच होतं, मळानं झाकलं होतं. पण इंजिनवर जोराचा फवारा मारू नका. अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडण्यांत पाणी शिरतं.

बाहेरून चकाचक म्हणजे गाडी ठणठणीत. टायमिंग बेल्ट रबराचा असतो. तो किलोमीटरनं झिजतो तसा वयानंही म्हातारा होतो, आणि तुटायच्या आधी पत्र पाठवत नाही. पॉलिशचे पैसे आधी त्यावर घाला.

पंधरा वर्षं झाली की भंगारातच. दिल्ली परिसराचे नियम वेगळे. आपल्याकडे तपासणीत पास झाली की पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढते. मात्र ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालंय, तेवढी तयारी ठेवा.

एवढं सांगूनही गेल्या आठवड्यात गल्लीतल्या एका पोरानं माझ्या धुळकट बॉनेटवर बोटानं मोठ्या अक्षरात लिहिलं: 'धुवा'. रविवारी मी धुतली, दोन बादल्यांनी, सगळं पाळून. धूळ गेली. दहाच्या उन्हात बॉनेटवर 'धुवा' अजून स्पष्ट वाचता येतं. आता कुणी फडक्याचा सल्ला द्यायला आलं की मी वाद घालत नाही, त्यांना ते वाचायला लावतो.