विश्लेषण : ताहिती, बोरा बोराची सहल ठरवताय? शेंगेन व्हिसा तिथे का चालत नाही?

पॅरिस ऑलिम्पिकमधील सर्फिंग स्पर्धा २०२४ मध्ये पॅरिसपासून १५ हजार किलोमीटरहून अधिक दूर, ताहिती बेटावरील तेआहुपो येथे झाली. भूभाग फ्रान्सचाच, त्यामुळे युरोपचा व्हिसा असला की तिथेही जाता येईल, असा समज होणे साहजिक आहे. पण तो चुकीचा आहे आणि या समजुतीवर तिकिटे काढली, तर लाखो रुपये अडकू शकतात.

ही बेटे नेमकी कुठे आहेत?

हवाई, न्यूझीलंड आणि रापा नुई म्हणजेच ईस्टर बेट या तीन टोकांना जोडणारा त्रिकोण म्हणजे पॉलिनेशिया. सामोआ, टोंगा, कुक बेटे, तुवालू आणि फ्रेंच पॉलिनेशिया त्यातच येतात. फ्रेंच पॉलिनेशियात पाच द्वीपसमूहांत विखुरलेली शंभराहून अधिक बेटे आहेत. ताहिती हे सर्वांत मोठे बेट. राजधानी पापीएते आणि मुख्य आंतरराष्ट्रीय विमानतळ तिथेच आहे. मूरिया, बोरा बोरा, रायाटिया ही पर्यटकांची आवडती बेटे ताहितीच्याच द्वीपसमूहात मोडतात.

शेंगेन व्हिसा का चालत नाही?

फ्रेंच पॉलिनेशिया फ्रान्सचा भाग असला, तरी तो शेंगेन क्षेत्रात येत नाही. भारतीय पर्यटकांना या प्रदेशासाठी वैध असलेला फ्रेंच व्हिसा घ्यावा लागतो. अर्ज फ्रान्सच्या यंत्रणेकडेच करायचा असतो. मात्र त्यात मुक्कामाचे ठिकाण म्हणून फ्रेंच पॉलिनेशियाचा स्पष्ट उल्लेख हवा. जाता-येता पॅरिसमध्येही राहायचे असेल, तर शेंगेन व्हिसाची सोय वेगळी पाहावी लागते.

वाटेतल्या देशांचे काय?

भारतातून पापीएतेला थेट विमान नाही. पॅरिसहून जाणारी विमाने अमेरिकेत थांबतात. अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले, तरी तिथल्या इमिग्रेशनमधून जावे लागते. त्यामुळे भारतीय प्रवाशाला अमेरिकेचा व्हिसा लागतो. ऑकलंडहून पापीएते साधारण पाच तासांवर आहे, पण तिथे न्यूझीलंडचे ट्रान्झिट नियम लागू होतात. टोकियोमार्गे जाण्याचाही पर्याय आहे. म्हणूनच तिकिटाचा दर पाहण्याआधी वाटेतल्या प्रत्येक विमानतळाचा नियम पाहावा. स्वस्त दिसणारे तिकीट एका जादा व्हिसामुळे महाग पडू शकते.

तारखेचा गोंधळ कसा होतो?

ताहिती भारताच्या साडेपंधरा तास मागे आहे. ऑकलंडहून तिकडे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते. शनिवारी दुपारी ऑकलंडहून निघालेला प्रवासी पापीएतेत शुक्रवारी रात्री उतरतो. हॉटेल शनिवारपासून घेतले असेल, तर पहिली रात्र विमानतळावर काढण्याची वेळ येते. परतताना उलट एक दिवस ‘हरवतो’. त्यामुळे रजेचा हिशेब करताना दोन्ही बाजूंना एक दिवस हाताशी ठेवावा.

कधी जावे?

मे ते ऑक्टोबर हा तुलनेने कोरडा आणि सुखद काळ. नोव्हेंबर ते एप्रिल उकाडा आणि पाऊस जास्त, वादळांचीही शक्यता. आपली मे महिन्याची सुट्टी कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला येते, दिवाळीची सुट्टी त्याच्या शेवटाला. जुलैमध्ये ताहितीत हेइवा हा नृत्य-गायनाचा मोठा उत्सव असतो. साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये मूरियाच्या परिसरात हंपबॅक देवमासे दिसतात. उत्सव आणि देवमाशांच्या दिवसांत गर्दी अधिक, म्हणून खोली लवकर ठरवावी.

खर्च कुठे वाचतो?

बोरा बोराला बहुतेक पर्यटक विमानाने जातात आणि तिथला विमानतळ मुख्य बेटावर नसून कडेच्या छोट्या बेटावर आहे. तिथून पुढे बोट. मूरिया मात्र पापीएतेहून फेरीबोटीने सुमारे अर्ध्या तासावर आहे. तिथेही तसेच निळे खाजण आणि डोंगर आहेत. ‘पेन्सियों’ म्हणून ओळखली जाणारी, स्थानिक कुटुंबांनी चालवलेली घरगुती निवासस्थाने मोठ्या रिसॉर्टपेक्षा बरीच स्वस्त पडतात. पाण्यावरील खोलीचा हट्टच असेल, तर तिथे एक-दोन रात्री काढून उरलेले दिवस अशा घरांत राहता येते. चलन आहे सीएफपी फ्रँक. ते युरोशी कायमचे जोडलेले असून एक युरो म्हणजे सुमारे ११९ फ्रँक.

शाकाहारींची अडचण होते का?

जेवणात मासळीचाच भर असतो. लिंबू आणि नारळाच्या दुधातली कच्ची मासळी ही तिथली खासियत. मात्र कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात ते फळ आणि अळूचे कंद हेही तिथले जुने अन्न आहे. घरगुती निवासात आधी कळवल्यास सोय होऊ शकते.

व्हिसाची खटपट नको असेल तर?

सामोआसाठी भारतीयांना आगाऊ व्हिसा लागत नाही, पोहोचल्यावर प्रवेश परवाना मिळतो. फिजीतही अल्प मुक्कामासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही, त्यामुळे नांदीमार्गे सामोआची राजधानी आपिया गाठता येते. अर्थात नियम बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी ते अधिकृत संकेतस्थळावर तपासावेत.

क्रम कसा ठेवावा?

आधी मार्ग ठरवा, मग त्या मार्गावरचे सगळे व्हिसा घ्या आणि परतावा न मिळणारी तिकिटे व हॉटेल सर्वांत शेवटी घ्या. व्हिसा अर्जासोबत आरक्षण दाखवावे लागते, तेव्हा रद्द करता येणारेच घ्यावे. आणि तिथे पोहोचल्यावर प्रवाळावर पाय देऊ नये. एका ऑलिम्पिक मनोऱ्यामुळे तेआहुपोच्या प्रवाळाला धोका आहे, म्हणून ताहितीकर रस्त्यावर उतरले होते; त्याच्या कामात प्रवाळ तुटलेही. पर्यटकांना भुरळ घालणारे ते निळे पाणी शांत राहते, ते याच प्रवाळाने लाटा अडवल्यामुळे.