तुरुंगातले गुरुजी : प्रशिक्षणाचा मागोवा

तुरुंगात शिकवणारा माणूस आधी मिळाला. त्याला शिकवावे कसे हे सांगण्याची गरज फार उशिरा जाणवली. लंडनच्या न्यूगेट तुरुंगात 1817 च्या सुमारास एलिझाबेथ फ्राय यांनी बंदी स्त्रियांच्या मुलांसाठी शाळा काढली. तिथे शिक्षिका झाली मेरी कॉनर, घड्याळचोरीच्या आरोपावरून आत आलेली तरुणी. शिकलेल्या बंदीने न शिकलेल्याला शिकवायचे, ही रीत पुढे जगभर टिकली.

भारतात सुरुवात नकाराने झाली. मेकॉले ज्या तुरुंग-शिस्त समितीवर होते, तिच्या 1838 च्या अहवालाने कैद्यांना शिक्षण देण्याची कल्पनाच बाजूला सारली. कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे उद्दिष्ट ठरायला 1919-20 ची कार्ड्यू समिती यावी लागली.

शिक्षकाचा खरा विचार झाला तो युरोपात. नॉर्वेने 1969 पासून तुरुंगातले शिक्षण बाहेरच्या शाळांकडेच सोपवले. शिक्षक शाळेचा, तुरुंगाचा नोकर नव्हे. बंदीच्या मनातला पहारेकऱ्याविषयीचा संशय त्यामुळे वर्गात शिरत नाही, हा त्यातला मोठा लाभ. 1989 मध्ये युरोप परिषदेने आपल्या शिफारशींत तुरुंगातल्या शिक्षकांना प्रौढशिक्षणाच्या पद्धती शिकवण्यावर स्पष्ट भर दिला. चाळिशीच्या माणसापुढे बालभारतीचे पहिलीचे पुस्तक ठेवले तर तो लाजेनेच उठून जातो. ते टाळायला तंत्र लागते. गुन्हा विचारायचा नाही, सुरक्षेचे नियम मोडायचे नाहीत आणि अर्ध्यावर सुटलेला धडा पुन्हा उचलता आला पाहिजे, हेही शिकावेच लागते.

भारतात तर हे शेवटचे कौशल्य सर्वांत मोलाचे. 2022 अखेर देशातील 5,73,220 बंदींपैकी सुमारे 76 टक्के न्यायाधीन होते. आज वर्गात असलेला उद्या तारखेला जातो, परवा जामिनावर सुटतो.

किरण बेदी दिल्लीच्या तिहार तुरुंगाच्या प्रमुख असताना, 1993 ते 95 या काळात, तिथे साक्षर बंदी निरक्षरांना शिकवू लागले. 1994 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे (इग्नू) केंद्रही सुरू झाले. महाराष्ट्रात नाशिकरोड कारागृहात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र आहे. पदवीची वाट अशी आतपर्यंत पोहोचली, पण बराकीतली मुळाक्षरे अजूनही बऱ्याच अंशी शिकलेल्या बंदीच्याच भरवशावर आहेत. तो सुटला की त्याने कमावलेला अनुभवही फाटकाबाहेर जातो. म्हणूनच अध्यापक महाविद्यालयांनी आपले काही सरावपाठ आता कारागृहात घ्यावेत.