छापून आले म्हणजे खरे ठरले काय?

आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत नियमित येणाऱ्या एका विद्यार्थिनीने गेल्या वर्षी मला मोबाईलवर आलेले एक पत्र दाखवले. तिने एका जर्नलकडे शोधनिबंध पाठवला होता आणि तिसऱ्याच दिवशी उत्तर आले होते. आपला निबंध तज्ज्ञांनी तपासून स्वीकारला आहे, अठराशे रुपये भरा, याच महिन्याच्या अंकात छापू, सोबत प्रमाणपत्रही मिळेल, असा त्यातला मजकूर होता. मुलगी आनंदात होती. घरात पदवीच्या पुढे शिकणारी ती पहिलीच. वडील गवंडीकाम करतात. त्यांच्याकडे पैसे मागण्याआधी एकदा विचारावे म्हणून ती माझ्याकडे आली होती. मी एवढेच विचारले, "तज्ज्ञांनी निबंधात काय चुका दाखवल्या?" ती म्हणाली, "एकही नाही, सर."

मी चाळीस वर्षे शिकवले. एकही चूक नसलेला पहिला निबंध मी अद्याप पाहिलेला नाही, आणि माझा स्वतःचाही तसा नव्हता.

जर्नल म्हणजे नेमके काय, हे आपल्या विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही. १६६५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केले. कोणी काय शोधले व केव्हा शोधले याची उघड नोंद व्हावी आणि इतरांना ते तपासता यावे, हा त्यामागचा विचार होता. पुढे यातूनच परीक्षणाची पद्धत रूढ झाली. लेखक निबंध पाठवतो. संपादक तो त्या विषयातील दोन-तीन जाणकारांकडे धाडतो. ते जाणकार विनामोबदला वाचून आक्षेप कळवतात. लेखक दुरुस्ती करतो, आणि मग संपादक निर्णय घेतो. याला महिने लागतात, क्वचित वर्षही जाते. म्हणून जर्नलमधील छापील शब्दाला वजन आहे. ही तपासणी काढून टाकली तर उरतो तो नुसता कागद, आणि आता तर कागदही उरत नाही.

पण एक निबंध खोटा छापला गेला तर कोणाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. याचे उत्तर देण्यासाठी मी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत न जाता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याच्या ठिकाणी, लुंबिनीला जातो.

१८९६ च्या डिसेंबरात नेपाळच्या तराईत अशोकाचा शिलास्तंभ व त्यावरील लेख उजेडात आला. शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले, असे त्या लेखात स्पष्ट कोरलेले आहे. या शोधाशी नेपाळी अधिकारी खड्ग शमशेर यांचे नाव जोडलेले आहे, तसेच भारतीय पुरातत्त्व खात्यातील जर्मन विद्वान आलोइस फ्यूरर यांचेही. लेख अस्सल आहे व विद्वानांनी तो मान्य केला आहे. परंतु फ्यूरर यांचे बाकीचे काम पाहिले की मन खिन्न होते. निगाली सागर येथील अशोकस्तंभाजवळ कोनागमन बुद्धाचा भव्य स्तूप आपण पाहिला, असे त्यांनी लिहिले. प्रत्यक्षात तेथे तसा स्तूप नव्हता. वर्णन आले कोठून? अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८५४ च्या आपल्या 'भिलसा टोप्स' या ग्रंथात सांचीच्या परिसरातील स्तूपांचे जे वर्णन केले होते, त्यातलेच शब्द उचलून येथे बसवले होते. याच गृहस्थांनी ब्रह्मदेशातील ऊ मा या भिक्खूंना बुद्धाचे म्हणून खोटे अवशेष पुरवले. बुद्धाचा म्हणून दिलेला दात घोड्याचा निघाला. श्रद्धेने मागणाऱ्या माणसाची केलेली ही फसवणूक मला त्या उचललेल्या वर्णनापेक्षाही हीन वाटते.

व्हिन्सेंट स्मिथ या अधिकाऱ्याने जागेवर जाऊन पाहणी केली तेव्हा बिंग फुटले. १८९८ मध्ये फ्यूरर यांना पद सोडावे लागले आणि सरकारने त्यांचा ग्रंथ वितरणातून मागे घेतला. नंतर पूर्णचंद्र मुखर्जी यांना त्याच मुलखात पुन्हा पाठवण्यात आले आणि १९०१ साली त्यांचा अहवाल निघाला. एवढ्याने प्रकरण संपले नाही. १९१२ मध्ये हाइनरिश ल्यूडर्स यांनी 'जर्नल ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी'त निबंध लिहून दाखवून दिले, की फ्यूरर यांनी सापडले म्हणून सांगितलेले काही ब्राह्मी लेख ब्यूलर यांनी आधी प्रसिद्ध केलेल्या लेखांवरून रचलेले होते. म्हणजे घाण झाली ती छापील पानावर आणि धुतली गेली तीही छापील पानावरच. पण त्याला चौदा वर्षे लागली.

खरे नुकसान पुढेच आहे. फ्यूरर तराईत खणत होते त्याच सुमारास, १८९८ च्या जानेवारीत, जवळच्याच पिप्रहवा येथे विल्यम पेप्पे या जमीनदाराला स्तूपात अस्थी व रत्ने असलेली पात्रे मिळाली. त्यांचा वृत्तांत त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. पेप्पे यांचा काही दोष नव्हता. तरीही शेजारी एक खोटारडा काम करीत होता, एवढ्यावरून या शोधाकडेही लोक संशयाने पाहू लागले, आणि तो संशय शंभर वर्षे पुरता गेला नाही. लुंबिनीच्या लेखावरही अधूनमधून शंका काढली जाते, ती याच माणसामुळे. एकाने केलेल्या लबाडीची किंमत खरे बोलणाऱ्यांनी मोजली.

आता आपल्या काळाकडे येऊ. खोट्या निबंधांना पूर्वी वरिष्ठांची कृपा लागे, हल्ली अठराशे रुपये पुरतात. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन यांनी एक परीक्षा घेतली. मुद्दाम ढोबळ चुका घातलेला, खोट्या लेखकाच्या नावाचा निबंध त्यांनी ३०४ जर्नलांकडे पाठवला. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. त्या ३०४ पैकी सुमारे एक तृतीयांश जर्नले भारतातील होती, हे लिहिताना लाज वाटते.

हा बाजार आपल्याकडे का फोफावला? विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची अट घातली. प्राध्यापकांच्या नेमणुकीला व बढतीलाही छापील निबंधांचे गुण लागू झाले. हेतू वाईट नव्हता. पण चांगल्या जर्नलात जागा थोडी आणि गरजू हजारो, तेव्हा मधले दुकानदार उभे राहणारच. आयोगाने २०१७ मध्ये मान्य जर्नलांची यादी केली. पुण्यातील संशोधकांनी त्या यादीतील विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांचा नमुना तपासला. त्यांपैकी सुमारे ८८ टक्के निकृष्ट असल्याचे त्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये मांडले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ जर्नले यादीतून काढली. पुढे 'केअर' नावाची नवी यादी आली. २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी निबंधाची सक्ती उठवली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ती केअर यादीही बंद झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे पारख करण्याचे काम आता विद्यापीठांवर आणि अखेर विद्यार्थ्यांवर व मार्गदर्शकांवर आले आहे. निवड समित्या निबंध मोजायच्या थांबलेल्या नाहीत, त्यामुळे दुकानेही बंद झालेली नाहीत.

पारख तशी अवघड नाही. संपादक मंडळावर ज्यांची नावे आहेत त्यांना एक पत्र लिहून पाहावे. कित्येकांना आपले नाव तेथे आहे हेच ठाऊक नसते. मागील चार अंक वाचावेत. शेतीशास्त्र, दंतवैद्यक आणि मराठी कविता एकाच अंकात नांदत असतील तर ते जर्नल नव्हे, आठवडी बाजार आहे. आय.एस.एस.एन. हा आठ अंकी क्रमांक पाहून पुष्कळजण भुलतात. तो केवळ नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे, गुणवत्तेचा दाखला नव्हे. शुल्क घेणारे प्रत्येक जर्नल लबाड असते असेही समजू नये. वाचकांना अंक मोफत मिळावा म्हणून काही नामांकित जर्नलेही लेखकाकडून शुल्क घेतात. मात्र परीक्षण झाल्यावरच, आणि दर आधी उघड सांगून.

संपादक-परीक्षकांना दोष देऊन आपण मात्र मोकळे होऊ शकत नाही. दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून देणे याला आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, साठ टक्क्यांवर गेले तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. विद्यार्थी हे आकडे पाठ करतात आणि शब्द फिरवून यंत्राला चकवतात. यंत्र चकले तरी चोरी ती चोरीच.

उसने कसे घ्यावे, याचा नमुना आपल्या घरातच आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला, आणि तो मे १९१७ च्या 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. तो निबंध जरूर काढून पाहावा. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर, प्रत्येकाची जातीची व्याख्या त्यांनी नाव घेऊन, त्याच्याच शब्दांत दिली आहे. त्यानंतर तिच्यात कोठे उणे आहे ते सांगितले आहे आणि मगच स्वतःचे मत मांडले आहे. कोणाचे काय आणि आपले काय, यात कोठेही गल्लत नाही. ज्यांच्याशी मतभेद होता त्यांनाही त्यांचे श्रेय दिले.

श्रेयाचा आणखी एक प्रश्न घरोघरी आहे. ज्याने कामाला हात लावला नाही त्या वरिष्ठाचे नाव निबंधावर घालावे लागते, आणि वस्तीतील ज्या आजीने दोन दुपारी बसून जात्यावरची गाणी सांगितली तिचे नाव तळटीपेतही नसते. नाव छापायचे की नाही हे आधी तिला विचारले पाहिजे. काहींना नको असते. सहलेखक म्हणून सही करणारा निबंधातील चुकीलाही बांधील असतो, हे वरिष्ठांना कळले तर निम्मी नावे आपोआप गळतील असे मला वाटते.

एखादी चूक छापून गेलीच तर काय करायचे? ब्रिटनमधील काही वैद्यकीय संपादकांनी १९९७ मध्ये प्रकाशननीतीची 'कोप' ही समिती स्थापन केली. चांगली जर्नले तिचे संकेत पाळतात. प्रामाणिक चूक असेल तर दुरुस्ती छापायची. निष्कर्षच विश्वासार्ह नसेल तर निबंध मागे घ्यायचा, पण तो गुपचूप पुसून टाकायचा नाही. त्यावर 'मागे घेतला' असे लिहून कारणासह राहू द्यायचा. स्वतः होऊन चूक कळवणाऱ्या लेखकाचे नाव त्याने जात नाही.

त्या विद्यार्थिनीने अठराशे रुपये भरले नाहीत. निबंध मागे घेत असल्याचे तिने लेखी कळवले आणि ते पत्र जपून ठेवले. मग एका जुन्या त्रैमासिकाकडे निबंध पाठवला. पाच महिन्यांनी दोन परीक्षकांचे अभिप्राय आले, एकूण सतरा आक्षेप. ते घेऊन ती अभ्यासिकेत आली तेव्हा चेहरा पडला होता. आम्ही दोघे टेबलाशी बसलो आणि पहिला आक्षेप वाचला : "पृष्ठ ४ वरील आकडेवारी कोठून घेतली?" तिने वही उघडली आणि शोधू लागली.