विश्लेषण : तपासणीत ‘पास’, तरी ८५ लाख संगणक ठप्प! ‘अजाइल’ टीममध्ये सॉफ्टवेअर तपासतात तरी कसे?

१९ जुलै २०२४ रोजी भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. कारण संगणकांच्या पडद्यावर निळ्या रंगाखेरीज काही दिसत नव्हते. ‘क्राउडस्ट्राइक’ या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीच्या एका छोट्या अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडल्याचा अंदाज मायक्रोसॉफ्टने नंतर दिला. अपडेट न तपासताच सोडले असेल, अशीच कुणाचीही समजूत होईल. मात्र कंपनीच्या अहवालातून वेगळे चित्र समोर आले. तपासणी झाली होती आणि अपडेट तीत उत्तीर्णही झाले होते.

नेमके काय चुकले?

एखाद्या अर्जात २१ रकाने छापलेले आहेत, पण खिडकीवरचा कर्मचारी २० रकान्यांचीच माहिती आणून देतो, अशी कल्पना करा. २१व्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असे लिहिलेले असेल, तोपर्यंत कुणाचे काही अडत नाही. क्राउडस्ट्राइकच्या प्रणालीत हेच होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या नव्या सुविधेत २१ रकाने होते, मूळ प्रोग्राम पुरवत होता २०. मार्चमधील चाचणीत आणि त्यानंतरच्या पहिल्या काही अपडेटमध्ये शेवटचा रकाना ‘काहीही चालेल’ असाच राहिला. १९ जुलैच्या अपडेटने तिथे प्रथमच ठरावीक मजकूर मागितला. प्रोग्राम तो शोधायला गेला, नसलेल्या जागी पोहोचला आणि कोसळला. हा प्रोग्राम विंडोजच्या गाभ्यात चालत असल्याने अख्खा संगणकच बसला. अपडेट बरोबर आहे का, हे पाहणारा स्वयंचलित तपासनीसही २१ रकान्यांची माहिती मिळणारच, असे धरून चालला होता.

भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी हे अपडेट सुटले आणि ७८ मिनिटांत मागे घेतले गेले. तोवर ते एकाच वेळी सगळीकडे पोहोचले होते.

‘अजाइल’शी याचा संबंध काय?

छोटे बदल, पुन्हा पुन्हा आणि झटपट, ही आजच्या सॉफ्टवेअरची रीत आहे. तिला वैचारिक बैठक मिळाली ती फेब्रुवारी २००१ मध्ये. अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे जमलेल्या १७ जणांनी ‘अजाइल’ जाहीरनामा लिहिला. त्याआधी ‘वॉटरफॉल’ पद्धतीचा जोर होता. आधी सगळ्या गरजा लिहायच्या, मग आराखडा, मग कोड आणि शेवटी चाचणी. चाचणीला स्वतंत्र विभाग आणि स्वतंत्र महिने असत.

अजाइलमध्ये काम ‘स्प्रिंट’मध्ये, बहुधा दोन आठवड्यांच्या तुकड्यांत होते. दर दोन आठवड्यांनी चालू शकेल असे काही तरी द्यायचे असेल, तर ‘शेवटी तपासू’ म्हणायला शेवटच उरत नाही.

मग चाचणी सुरू कधी होते?

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी. एका अ‍ॅपमध्ये ‘ग्राहकाला यूपीआयने वीजबिल भरता यावे’ एवढे काम आले आहे, असे समजू. ग्राहकाची बाजू मांडणारा प्रॉडक्ट ओनर, डेव्हलपर आणि टेस्टर असे तिघे अर्धा तास बसतात. टेस्टर विचारतो : बटण दोनदा दाबले तर बिल दोनदा भरले जाईल का? खात्यातून पैसे गेले आणि तेवढ्यात नेटवर्क तुटले, तर ग्राहकाला काय दिसेल? मुदत रात्री १२ ला संपते, पैसे ११.५९ ला निघाले आणि पोहोचले १२.०१ ला. दंड लागणार का?

या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवली जातात आणि त्यांनाच कामाच्या स्वीकृतीचे निकष मानले जाते. दंडाचा प्रश्न आज अर्ध्या तासात सुटतो. तोच अ‍ॅप बाजारात गेल्यावर उपटला, तर कस्टमर केअरपासून हिशेब विभागापर्यंत सगळ्यांना निस्तरावा लागतो.

सगळे ऑटोमेशनने होत नाही का?

बरेचसे होते आणि व्हायलाच हवे. दर दोन आठवड्यांनी जुने सगळे हाताने तपासत बसणे कुणालाही शक्य नाही. माइक कोन यांनी २००९ मध्ये पुस्तकात मांडलेला ‘चाचण्यांचा पिरॅमिड’ इथे उपयोगी पडतो. तळाशी कोडच्या लहान लहान भागांच्या असंख्य चाचण्या असतात, त्या क्षणात होतात. मध्ये प्रणालीचे भाग एकमेकांशी नीट बोलतात का, हे पाहणाऱ्या चाचण्या. टोकाला पडद्यावर बटणे दाबून पाहणाऱ्या मोजक्या चाचण्या. अनेक टीममध्ये हा पिरॅमिड उलटा उभा असतो. पडद्यावरच्या चाचण्या शेकड्याने आणि तळ रिकामा. अशा चाचण्यांना वेळ फार लागतो आणि त्या कधी पास, कधी नापास होतात. मग ‘परत चालवून बघ’ ही सवय लागते आणि खरा दोषही तिच्या आड लपतो.

शिवाय ऑटोमेशन आपण सांगितलेलेच तपासते. २१वा रकाना भरून पाहा, असे त्याला कुणी सांगितले नव्हते. म्हणूनच या क्षेत्रातील मायकेल बोल्टन यांच्यासारखे अभ्यासक ‘पडताळणी’ आणि ‘चाचणी’ यांत फरक करतात. ठरलेले उत्तर येते का, हे पाहणे ही पडताळणी. काय विचारायचे राहिले, हे शोधणे ही चाचणी.

माणूस नेमके काय शोधतो?

याला ‘एक्सप्लोरेटरी टेस्टिंग’ म्हणतात. तास-दीड तासाचा वेळ आणि एक उद्देश ठरवून टेस्टर अ‍ॅप वापरत सुटतो. दिसेल त्यावरून पुढची पायरी ठरवतो आणि नोंदी ठेवतो. आपल्याकडचे सोपे उदाहरण म्हणजे मराठी कीबोर्ड. ग्राहकाने रक्कम ‘१२००’ अशी देवनागरीत टाकली, तर अ‍ॅप ती ओळखेल, की ‘चुकीची रक्कम’ म्हणून परतवेल? पावतीवर ‘ज्ञानेश्वर’ नीट छापले जाईल, की जोडाक्षर फुटेल? वडिलांच्या जुन्या फोनवर अक्षरे मोठी केली, तर ‘पैसे भरा’ हे बटण पडद्याबाहेर तर जाणार नाही? लेखी निकषांत हे क्वचितच सापडते.

प्रत्यक्षात गाडी कुठे अडते?

स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवसांत. पहिले आठ दिवस कोड लिहिला जातो आणि गुरुवारी संध्याकाळी सगळे टेस्टरच्या पुढ्यात येते. नाव अजाइल, पण आतून दर पंधरवड्याला एक छोटा वॉटरफॉल! त्यात उशीर झाला की ‘टेस्टिंगमुळे रखडले’ हे ऐकावे लागते ते टेस्टरलाच. यावर उपाय म्हणजे कामाचे तुकडे इतके लहान करायचे, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच काही तरी तपासायला मिळेल. तपासून झाल्याशिवाय ‘काम पूर्ण’ म्हणायचे नाही आणि तपासण्याचे काम साचले, तर डेव्हलपरनेही त्याला हात लावायचा. हा शेवटचा नियम सांगायला सोपा, पाळायला अवघड. ‘ते काम आमचे नाही’ ही भिंत बैठकीची जागा बदलल्याने पडत नाही.

हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीतील कंपन्यांत हाताने चाचणी करणाऱ्यांना ‘सेलेनियम शिका, नाहीतर मागे पडाल’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ऑटोमेशनचे साधन यायला हवे, यात वाद नाही. पण बिलाच्या बैठकीत दंडाचा प्रश्न विचारणारा टेस्टर कमी केला, तर त्याची जागा ते साधन आपोआप भरून काढत नाही.

क्राउडस्ट्राइकने पुढे काय बदलले?

रकान्यांची संख्या जुळते का, याची तपासणी प्रोग्राम तयार होतानाच होऊ लागली. शेवटच्या रकान्यासह प्रत्येक रकाना ठरावीक मजकुराने तपासणाऱ्या चाचण्या वाढवल्या. अपडेट आता टप्प्याटप्प्याने जाते. आधी मोजक्या संगणकांवर, तिथे काही बिघडले नाही तर पुढे. कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांबाबत ही काळजी आधीही घेतली जात होती. धोक्याची ताजी माहिती देणाऱ्या झटपट अपडेटना मात्र तिच्यातून सूट होती. त्या दिवशी बंद पडलेल्या असंख्य संगणकांपाशी तंत्रज्ञाला स्वतः जाऊन ती एक फाइल हाताने काढावी लागली. डेल्टा एअरलाइन्सने पाच दिवसांत सुमारे ७ हजार उड्डाणे रद्द केली आणि नंतर क्राउडस्ट्राइकला न्यायालयात खेचले.