गोल डावीकडून झाला, मग दोष कुणाचा?

अहिल्यानगर जिल्ह्याचा स्वतःचा आयएसएल (इंडियन सुपर लीग) संघ नाही. त्यातल्या त्यात जवळचा होता पुण्याचा. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला आणि बालेवाडीपर्यंत जाऊन मॅच बघणाऱ्या इथल्या पोरांपैकी काही मुंबई सिटीकडे वळली, काही एफसी गोवाच्या मागे लागली. सावेडीतल्या चहाच्या टपरीवर या दोन गटांना एकत्र बसवा आणि ऐका. स्ट्रायकर कसा खेळला यावर पाच मिनिटांत एकमत होतं. वाद पेटतो तो बाजूच्या बॅकवरून. एक म्हणतो, पुढे काय जातो, वाघ आहे. दुसरा म्हणतो, पुढे जातो खरा, पण मागे कोण बघणार, याचा बाप?

या वादात दोन्ही बाजूंकडून काही गोष्टी इतक्या ठामपणे बोलल्या जातात की त्या खऱ्याच वाटू लागतात. त्या तपासायला मंदार राव देसाईइतकं चांगलं उदाहरण आपल्याकडे नाही. गोव्याचा हा खेळाडू आयएसएलमध्ये १०० सामने पूर्ण करणारा पहिला. एफसी गोवाकडून २०१९ चा सुपर कप आणि २०१९-२० ची लीग शील्ड, पुढच्याच मोसमात मुंबई सिटीकडून शील्ड आणि करंडक दोन्ही. तरीही "डिफेन्समध्ये कच्चा" हा शिक्का त्याला चिकटलेलाच आहे.

"विंगर म्हणून जमलं नाही, म्हणून मागे टाकला"

झिको प्रशिक्षक असताना मंदार गोव्याचा डावा विंगर होता, हे खरं. २०१७ मध्ये सर्जिओ लोबेरा आले आणि त्यांनी त्याला लेफ्ट बॅक केलं, हेही खरं. पण त्याला पदावनती म्हणणं साफ चूक आहे. लोबेरांचा संघ स्वतःच्या गोलकीपरपासून छोट्या पासवर खेळ उभा करायचा. त्यासाठी बाजूचा बॅक असा हवा होता, जो अंगावर दोन माणसं आली तरी चेंडू लाथाडून मोकळा होणार नाही. विंगरला ती सवय असते. तिकडे चेल्सीत अँटोनिओ काँतेंनी व्हिक्टर मोझेस या विंगरला उजवा विंगबॅक केलं आणि २०१६-१७ ची प्रीमियर लीग जिंकली. आपल्याकडे निखिल पुजारी पुण्याकडून विंगर म्हणून खेळायचा. हैदराबादला जाऊन तो राईट बॅक झाला. शाळेच्या संघात उरलेला पोरगा बाजूला उभा करायची आपली जुनी खोड आहे, त्यामुळे ही जागा दुय्यम वाटते. आजच्या फुटबॉलमध्ये ती संघातल्या सर्वांत अवघड जागांपैकी एक आहे.

"फुलबॅक काय आणि विंगबॅक काय, एकच"

नाही. चार जणांच्या बचावफळीत कडेचा जो, तो फुलबॅक. त्याची पहिली जबाबदारी बचावाची, आणि त्याच्या पुढे सहसा स्वतंत्र विंगर असतो. तीन स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, असले की बाजूची अख्खी पट्टी एकट्याच्या गळ्यात पडते, तो विंगबॅक. त्याच्या पुढे बहुधा कुणी नसतं, पण त्याच्या मागे एक जास्तीचा स्टॉपर असतो. २००२ च्या विश्वचषकात ब्राझीलचे काफू आणि रोबेर्तो कार्लोस इतके मोकाट का पळू शकले? लुसिओ, एडमिल्सन आणि रोकी ज्युनियर असे तिघे मागे होते म्हणून. मंदारची गंमत अशी की कागदावर तो चौघांतला फुलबॅक होता आणि काम विंगबॅकचं करत होता. म्हणजे जबाबदारी दोन्हीकडची, आणि मागे जास्तीचा माणूस नाही.

हे "आधुनिक फॅड" आहे असं म्हणणाऱ्या काकांसाठी एवढंच: इंटर मिलानच्या जाचिंतो फाक्केत्तीने लेफ्ट बॅक म्हणून १९६५-६६ च्या एका लीग मोसमात १० गोल केले होते.

"गोल त्याच्या बाजूने झाला, म्हणजे चूक त्याची"

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो इथे, म्हणून जरा हिशेब मांडू या. मैदानाची नेहमीची लांबी १०५ मीटर. समोरच्या पेनल्टी बॉक्सच्या रेषेपासून आपल्या बॉक्सच्या रेषेपर्यंत ७२ मीटर. बॅक वर जाऊन क्रॉस टाकतो, क्रॉस अडतो, चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. आता हा सेकंदाला आठ मीटर या वेगाने, म्हणजे जीव तोडून पळाला, तरी परत यायला नऊ सेकंद लागतात. मागून मारलेला लांब पास तेवढंच अंतर त्याच्या निम्म्याहून कमी वेळात कापतो. जगातला कुठलाही बॅक ही शर्यत जिंकू शकत नाही. म्हणून "तो परत का आला नाही" हा प्रश्नच फसवा आहे. विचारायचं ते हे: तो वर गेला तेव्हा त्याची जागा कुणाकडे सोपवली होती?

लोबेरांच्या संघात याचं उत्तर होतं अहमद जाहू. मोरोक्कोचा हा मिडफिल्डर आधी गोव्यात आणि मग मुंबईत मंदारबरोबर होता. दोन्ही बॅक वर सरकले की जाहू खाली उतरून स्टॉपरांच्या रांगेत उभा राहायचा. म्हणजे आक्रमणाच्या वेळी मागे आपोआप तिघे. मंदारचं धाडस या व्यवस्थेच्या भरवशावर उभं होतं. एखादा स्टॉपर बाजूला सरकायला कचरला, विंगर आपल्या माणसामागे आला नाही, किंवा मधल्या फळीत चेंडू आततायीपणे गमावला, की भगदाड दिसतं ते मात्र बॅकच्या बाजूला. टीव्हीवर रीप्लेमध्ये मागून धापा टाकत येणारा तोच दिसतो आणि खापर त्याच्याच डोक्यावर फुटतं. गोलची सुरुवात कुठे झाली हे बघायला पंधरा सेकंद मागे जावं लागतं. १३ मार्च २०२१ च्या फातोर्ड्यातल्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानचा गोल बाजूने आलाच नाही. खुद्द जाहूनेच आपल्या बॉक्ससमोर चेंडू गमावला होता. मुंबईने तो सामना २-१ असा जिंकला.

तर मग मंदारसारख्या बॅकमध्ये खरी उणीव नसतेच का? असते, आणि चाहते तीच सहसा बघत नाहीत. ती असते दूरच्या खांबाजवळ. चेंडू उजवीकडे असताना लेफ्ट बॅक आत सरकून गोलसमोर उभा राहतो. नजर चेंडूवर असते आणि त्याचा माणूस पाठीमागे, नजरेच्या बाहेर. शरीर थोडं तिरकं ठेवायचं, दर दोन-तीन सेकंदांनी मान वळवून मागे बघायचं, ही बचावपटूची लहानपणापासूनची सवय. उशिरा बॅक झालेल्या विंगरला ती लावून घ्यावी लागते, आणि ऐंशीव्या मिनिटाला पाय जड झाले की मान वळायची थांबते. दुसरी उणीव अर्ध्या पावलाची: बाकीचे तिघे ऑफसाईडसाठी वर सरकले आणि हा मागे राहिला, की समोरचा अख्खा संघ ऑनसाईड.

दूरच्या खांबाजवळची उणीव मोठमोठ्यांतही दिसते. २०२२ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये वाल्वेर्देने उजवीकडून चेंडू आत मारला आणि विनिसियसने दूरच्या खांबाजवळ तो गोलात ढकलला, तो लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डच्या पाठीमागून. हाच ट्रेंट २०१८-१९ मध्ये प्रीमियर लीगच्या एका मोसमात १२ असिस्ट करून गेला होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. एकीवर बोट ठेवून दुसरी पुसून टाकणाऱ्याला मी चाहता म्हणेन, जाणकार म्हणणार नाही.

"असिस्ट किती, ते सांगा"

आकडा लागतो, पण तो एकटा फसवतो. क्रॉस चांगला असला तरी आत जाऊन डोकं लावणारा नसेल तर असिस्ट शून्य. २०१७-१८ मध्ये गोव्याकडे १८ गोल करणारा कोरो होता. तसा माणूस समोर असला की बाजूच्यांचंही सोनं होतं. शिवाय कित्येकदा बॅकची धाव चेंडूसाठी नसतेच. तो बाहेरून ओव्हरलॅप करतो, समोरचा बचावपटू क्षणभर त्याच्याकडे ओढला जातो आणि विंगरला आत वळायला वाट मिळते. मुंबईत मंदारच्या पुढे बिपिन सिंग होता. अशा रिकाम्या धावांची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

आणि सगळ्या बॅकना एकाच मापाने मोजणंही थांबवायला हवं. मुंबईचा राहुल भेके हा उजव्या बाजूचा अगदी वेगळ्या घडणीचा बॅक: उंच, हेडर मारणारा, वर जाताना दहा वेळा विचार करणारा. १७ मार्च २०१९ ला अंधेरीत बेंगळुरूकडून खेळताना त्याने ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडरने गोल केला आणि मंदारच्या गोव्याच्या हातून करंडक काढून घेतला. पुढे तो स्टॉपर झाला आणि २०२४ मध्ये मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून त्याने करंडक उचलला. "भेके चांगला की मंदार" हा वाद रंगतो छान, पण संघात एका बाजूला भेके असेल तर दुसऱ्या बाजूचा मंदार अधिक सुटा पळू शकतो. एक जातो, एक थांबतो.

एक शेवटचा गैरसमज आपल्या सगळ्यांचाच: मॅच टीव्हीवर पूर्ण दिसते. कॅमेरा चेंडूमागे फिरतो. चेंडू उजवीकडे असताना लेफ्ट बॅक बराच वेळ पडद्यावर नसतोच. तो दिसतो थेट क्रॉस टाकताना किंवा गोल खाल्ल्यावर. मधली मिनिटं, जिथे त्याचं खरं काम चालतं, ती मैदानात बसूनच कळतात. अहिल्यानगरपासून मुंबईची अंधेरी लांब पडते, पण त्यासाठी आयएसएलच हवी असं नाही. शालेय स्पर्धेची कुठलीही मॅच चालेल. टचलाईनजवळ उभं राहा, दहा मिनिटं चेंडू सोडून द्या आणि एकाच बॅककडे बघा: वर जाण्याआधी तो मागे वळून कुणाला हाक मारतो, आणि ज्याला हाक मारली तो खरंच सरकतो का.